आमटीत मीठ होतं

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी सलग आठ-दहा दिवस आमच्या घरी रात्री एकच वाद चालू होता. मी पहिला घास घेऊन म्हणायचो, आमटी अळणी झालीये. बायको चव बघून म्हणायची, मीठ बरोबर आहे. मग मुलगी पंच म्हणून चमचाभर चाखायची आणि न चुकता आईच्या बाजूने निकाल द्यायची. चौथ्या दिवशी बायकोने मिठाची बरणीच आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, घे हवं तेवढं, पण उद्या बीपीची गोळी चालू झाली तर माझ्याकडे बघू नकोस.

मीठ खरंच बरोबर होतं. बिघडली होती माझी जीभ, आणि ती बिघडवली होती त्या गुलाबी माउथवॉशने, म्हणजे चूळ भरायच्या औषधाने, जे मी सकाळ-संध्याकाळ तोंडात खळखळवत होतो.

आता हे प्रकरण सुरू कसं झालं ते सांगतो. ब्रश करून थुंकलं की बेसिनमध्ये लालसर रेघ दिसायची. आधी ब्रश कडक असेल म्हणून ब्रश बदलला, मग पेस्ट बदलली, मग नेहमीसारखं दुर्लक्ष केलं, आणि शेवटी सफरचंदाच्या फोडीवर रक्त दिसल्यावर कोथरूडमधल्या आमच्या डेंटिस्ट मॅडमकडे गेलो. खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मॅडम, रोज दोनदा ब्रश करतो हं." त्या म्हणाल्या, "करत असाल हो, पण पोचतोय का कुठे ते बघू." आणि त्यांनी कापसाच्या बोळ्याने दातांना एक रंग लावला, चूळ भरायला लावली आणि हातात आरसा दिला.

आरशात जे दिसलं ते मी अजून विसरलो नाहीये. समोरच्या दातांच्या मधला भाग बऱ्यापैकी पांढरा, पण हिरडीच्या कडेकडेने प्रत्येक दाताला गुलाबी किनार, साडीला काठ असतो तशी. दोन दातांच्या फटीत गडद जांभळं. आणि खालच्या समोरच्या दातांची मागची बाजू तर सगळीच जांभळी. मॅडमनी सांगितलं, गुलाबी म्हणजे ताजा थर, जांभळं म्हणजे तिथे दोन-तीन दिवस ब्रश फिरकलेलाच नाही. दोन-तीन दिवस! मी त्याच दिवशी सकाळी घासून गेलो होतो.

तर हा थर म्हणजे प्लाक. मला इतकी वर्षं वाटायचं प्लाक म्हणजे अडकलेलं अन्न. तसं नाहीये. दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा दातावर बसतो, मग त्यावर जंतू येऊन चिकटतात, आपल्या भोवती एक चिकट गिलावा तयार करतात आणि त्या गिलाव्यात वस्ती करून राहतात. आपण गोड खाल्लं की त्यातले काही ॲसिड तयार करतात, त्याने दात किडतो. थर तसाच राहिला तर हिरडी सुजते, रक्त येतं. आणि लाळेतलं कॅल्शियम त्यात बसत गेलं की तो दगडासारखा घट्ट होतो, त्याला टार्टर म्हणतात, मग तो ब्रशच्या बापालाही निघत नाही. खालच्या समोरच्या दातांमागे तो सगळ्यात आधी जमतो कारण जिभेखालच्या लाळग्रंथींचं तोंड तिथेच उघडतं.

ज्यांचं लहानपण वाड्यात गेलंय त्यांना एका वाक्यात कळेल. पावसाळ्यात मोरीच्या फरशीवर जे बुळबुळीत धरतं ना, तेच. त्यावर बादलीभर पाणी ओता, हलत नाही. फिनेल ओता, वास छान येतो, पण बुळबुळीत तसंच. काथ्या घेऊन घासलं की निघतं.

आणि गंमत म्हणजे ही गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वी एका माणसाने स्वतःच्या तोंडात बघितली होती. हॉलंडमधला लेवेनहूक, स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक बनवायचा. १६८३ मध्ये त्याने स्वतःच्या दातांमधला पांढरा मळ काढून बघितला तर त्यात वळवळणारे जीव! तो माणूस दात रोज मिठाने घासायचा, म्हणजे आपल्या आजोबांसारखाच. पुढे त्याने व्हिनेगरने चुळा भरून बघितलं, तर वरवरचे जीव मेले पण मळाच्या आतले मजेत होते. म्हणजे माउथवॉशची मर्यादा माउथवॉशचा धंदा सुरू व्हायच्या दोनशे वर्षं आधीच कळली होती, आपण मात्र दर महिन्याला नवीन बाटली आणतोय.

असो. मॅडमनी क्लिनिंग करून दिलं (तो खरवडण्याचा आवाज, नको आठवण) आणि दोन आठवड्यांसाठी क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला. ०.२ टक्के, दहा मिली, दिवसातून दोनदा. हा या धंद्यातला दादा. डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात लो नावाच्या प्राध्यापकांनी १९६५ मध्ये एक प्रयोग केला होता, बारा धडधाकट लोकांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत घासायला लागल्यावर बऱ्या झाल्या. हिरड्या सुजतात त्या प्लाकमुळेच, हे तिथे पक्कं झालं. मग १९७० मध्ये त्याच लो साहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं की घासणं बंद ठेवून नुसत्या क्लोरहेक्सिडीनच्या चुळा भरल्या तरी थर धरत नाही. हे औषध दाताला आणि तोंडातल्या त्वचेला चिकटून राहतं आणि पुढचे कित्येक तास हळूहळू सुटत राहतं, तिथेच त्याची ताकद आहे. पण एक बारकी अट आहे, ते स्वच्छ दातावर नवीन थर धरू देत नाही, आधीच धरलेला जुना थर खरवडून काढणं त्याचं काम नाही.

आता माझा गाढवपणा. दोन आठवडे सांगितले होते, मी म्हंटलं एवढं चांगलं औषध आहे तर चालू ठेवू की, आणि पाचव्या आठवड्यापर्यंत खेचलं. शिवाय ब्रश केल्या केल्या लगेच चूळ भरायचो, पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने ते औषध निकामी होतं म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा लागतो हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं. आणि वर दिवसाला पाच कप चहा, त्यातले तीन ऑफिसच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचे. क्लोरहेक्सिडीन आणि चहातलं टॅनिन (ते तुरट द्रव्य) यांचं जमलं की दातावर तपकिरी डाग पडतात. माझे पडले. मी मशेरी लावतो की काय असं सहकाऱ्याने चेष्टेत विचारलं. आणि चव तर गेलीच, त्यातही खारट चव सगळ्यात जास्त जाते. आमटीचा खटला असा निकालात निघाला. मी बायकोची माफी मागितली, तिने ती मुलीसमोर परत एकदा मागायला लावली.

मग अर्थातच आईचा फोन. आई भोरला असते, तिला सगळं कळतं. "अरे कसली ती औषधं घेतोस, त्रिफळ्याचा काढा कर आणि चुळा भर. तुझ्या आजोबांचे दात ऐंशीव्या वर्षीही शाबूत होते." आता आजोबांबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. आजोबा काढा घ्यायचे हे खरं, पण ते सकाळी बाभळीची नाहीतर कडुनिंबाची काडी चावत अंगणात पाऊण तास फिरायचे. काडी चावून तिचा कुंचला झाला की तो ब्रशच असतो. बिस्किटं-चॉकलेटं त्यांनी आयुष्यात किती खाल्ली असतील? आणि त्याच घरात आजी तव्यावर तंबाखू जाळून मशेरी करायची, तो वास अजून नाकात आहे, ती पण "नैसर्गिक"च होती. आजीचे साठीतच सगळे दात गेले, आणि गेले दातच एवढ्यावर सुटली म्हणायचं, कारण मशेरी म्हणजे सरळ तंबाखू, तोंडाच्या कॅन्सरचा रस्ता. म्हणून आजोबांचा दाखला देताना आजीचाही द्यावा असं मी आईला म्हणालो. आईने विषय बदलला.

पण काढा करून बघायचं मी ठरवलं, हट्ट म्हणा. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. रविवारी स्कूटर मंडईच्या पार्किंगला टाकली आणि चालत रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. काय जागा असते ती! गोणपाटाची तोंडं दुमडून ठेवलेली पोती, एकात ज्येष्ठमध, एकात नागरमोथा, एकात कसलीतरी मुळं, आणि सगळ्यांचा मिळून एक कोरडा कडसर वास जो कपड्याला धरून घरापर्यंत येतो. मी काळे, छोटे, सुरकुतलेले हिरडे उचलले तर काका म्हणाले, "तो बाळहिरडा, पोटाला. तुम्हाला मोठा लागेल." बाळहिरडा म्हणजे कोवळेपणीच झाडावरून काढून वाळवलेला, आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी लोक गोळा करतात, तिथल्या घरांचं वर्षाचं गणित त्यावर असतं. मी मोठा हिरडा, बेहडा आणि वाळलेला आवळा सारखा घेतला आणि काकांनी तिथेच भरड करून दिली.

घरी येऊन दोन चमचे भरड, दोन कप पाणी, आणि समोर जे भांडं दिसलं ते गॅसवर ठेवलं. ती लोखंडी कढई होती.

पाच मिनिटांत पाणी काळं व्हायला लागलं. तपकिरी नाही, काळं, निळसर छटा असलेलं काळं. मला वाटलं करपलं. चमचा बुडवला तर चमच्यावर काळा ओघळ, ओट्यावर थेंब सांडला तो पुसला तर डाग. मुलगी बघायला आली आणि म्हणाली बाबा ही तर शाई आहे. अक्षरशः शाईच होती. हिरड्यात टॅनिन ठासून भरलेलं, ते लोखंडाला भेटलं की शाई होते, पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचाच क्षार) घालून अशीच शाई करायचे. मी दातांचे डाग घालवायला निघालो होतो आणि शाईने चुळा भरायच्या बेतात होतो. तर लक्षात ठेवा, काढा स्टीलच्या भांड्यात.

दुसऱ्यांदा नीट झाला. निम्मा आटवला, फडक्यातून गाळला, गार केला. चव विचारू नका, कच्चं केळं आणि सुपारी एकत्र चावल्यावर तोंड जसं आखडतं तसं. पण चूळ टाकल्यावर दात कुरकुरीत स्वच्छ वाटतात हे मात्र खरं (वाटतात म्हणालो, आहेत असं नाही म्हणालो). एकदा उरलेला काढा बरणीत बाहेरच राहिला, तिसऱ्या दिवशी वर पांढरट बुळबुळीत साय धरली होती. जंतू मारायला केलेल्या काढ्यावर जंतूंनीच संसार थाटला. तेव्हापासून रोजचा रोज, उरला तर कुंडीत. आणि पांढरं बेसिन असेल तर थुंकल्यावर लगेच पाणी सोडा, नाहीतर तपकिरी वर्तुळं पडतात आणि घरात परत नवा खटला.

आता मुद्दा, याने होतं काय? मी दोन-तीन आठवडे रात्री बसून यावरचे पेपर वाचले. त्रिफळ्यावरचा सगळ्यात मोठा मला सापडला तो आपल्याकडचाच, २०११ सालचा, ८ ते १२ वर्षांची १४३१ शाळकरी मुलं. एका गटाला ०.६ टक्के त्रिफळ्याचा माउथवॉश, एकाला ०.१ टक्के क्लोरहेक्सिडीन, एकाला नुसतं पाणी. त्रिफळा आणि क्लोरहेक्सिडीन यांच्यात लक्षात घेण्यासारखा फरक निघाला नाही. वाचून मी आईला फोन करणार होतो. पण मग बाकीचे वाचत गेलो, हळद, तुळस, कडुनिंब, ग्रीन टी, पेरूची पानं, जे झाड दिसेल त्याचा माउथवॉश करून बघितलाय लोकांनी, आणि बहुतेक ठिकाणी तीच कथा: थोडी माणसं, दोन-तीन आठवडे, आणि शेवटी क्लोरहेक्सिडीनइतकंच चांगलं. आता थोड्या माणसांत फरक दिसला नाही म्हणजे फरक नाहीच असं होत नाही ना. शिवाय काढा पिवळट-कडू आणि औषध गुलाबी-मिंट, कोणाला काय दिलंय हे तोंडात घेतल्याबरोबर कळणारच. प्रत्येकाची पावडर वेगळी, काढा करायची पद्धत वेगळी. माझं मत झालं ते असं की यात दम आहे, पण क्लोरहेक्सिडीनला हरवलं म्हणून जे फॉरवर्ड फिरतात ते थापा आहेत.

आणि हर्बल विरुद्ध केमिकल ही भांडणंच मला खोटी वाटायला लागलीयेत. लिस्टरिन घ्या, १८७९ मध्ये अमेरिकेत निघालेलं, एकदम विलायती. त्यात मुख्य काय? थायमॉल, निलगिरीतलं युकॅलिप्टॉल, मेंथॉल आणि विंटरग्रीनच्या तेलात असतं ते मिथाइल सॅलिसिलेट. थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याचा वास ज्याने येतो तेच. अजीर्ण झालं की आई ओवा चावायला देते, तोच. या तेलांच्या माउथवॉशवर प्लाकसाठी भरपूर आणि चांगला अभ्यास झालाय. मग हे हर्बल की केमिकल? उलट बाजूने, मी सुपरमार्केटमधून एक हिरव्या पानांचं चित्र असलेली हर्बल बाटली आणली, मागचं लेबल मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचलं तर आधी पाणी, मग गोडव्याचं द्रव्य, मग ग्लिसरीन, मग टिकाऊपणाचं काहीतरी, रंग, आणि वनस्पतींचे अर्क पार शेवटच्या ओळीत. माझ्या आईचा काढा निदान काढा तरी आहे.

लवंगेचं तेल थेट हिरडीवर लावू नका हे पण इथेच सांगून टाकतो. कॉलेजात असताना लावलं होतं, पांढरा फोड आला होता.

आयुर्वेदात तर यावर आख्खा अध्याय आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानात गंडूषाचे चार प्रकार दिलेत, स्निग्ध, शमन, शोधन, रोपण. तोंड एवढं भरायचं की हलवता येऊ नये, तो गंडूष. खळखळवता येईल एवढंच घ्यायचं, तो कवल. म्हणजे आपण माउथवॉश करतो तो कवल झाला. (आणि गुळणी वेगळी, ती घशासाठी. मान वर करून गुर्रर्र केलं तर दातांना काही होत नाही.) तिळाच्या तेलाचा गंडूषही करून बघितला, चौथ्या मिनिटाला दूधवाल्याने बेल वाजवली आणि गाल फुगवून मी त्याला खुणेने अर्धा लिटर सांगितलं, तिथे तो प्रयोग संपला.

पण वाग्भटाचा क्रम बघा. दिनचर्येच्या अध्यायात तो आधी काडी सांगतो, रुई, वड, खैर, करंज, अर्जुन असल्या झाडांची, बारा बोटं लांब, टोक मऊ केलेली, सकाळी आणि जेवणानंतर, हिरड्यांना न दुखवता. गंडूष त्याच्या नंतर येतो. मॅडमनी मला जे सांगितलं ते सगळं यात आलं, फक्त तपासणीची फी सोडून.

शेवटी मी घरीच खातरजमा केली. मॅडमकडून त्या रंगाची छोटी बाटली घेऊन आलो आणि दर रविवारी रात्री दात रंगवून मुलीकडून फोटो काढून घेतले. एक आठवडा फक्त ब्रश. एक आठवडा ब्रश अधिक काढा. एक आठवडा ब्रश आणि दातांच्या फटीत घालायचा तो बाटलीच्या ब्रशसारखा बारीक ब्रश, काढा नाही. माझ्या एकट्याच्या तोंडाचा हिशोब आहे, याला कोणी संशोधन म्हणू नये. काढ्याच्या आठवड्यात गालाकडची गुलाबी किनार फिकट झाली, ते फोटोत दिसतं, मी उगाच म्हणत नाही. पण फटीतलं जांभळं जसंच्या तसं. खालच्या दातांमागचं पण तसंच, जणू तिथे काढा गेलाच नाही. बारीक ब्रशच्या आठवड्यात ते जांभळं गेलं, आणि रक्त येणंही त्यानंतरच थांबलं. काढा म्हणजे पानातलं तोंडीलावणं, चटणी-कोशिंबीर, असली तर बरं, पण चटणीवर कोणी जेवत नाही.

आता माझं असं चालू आहे: फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, रात्री फटी, आणि काढा आठवड्यातून तीन-चारदा, आवडतो म्हणून. फ्लोराइड सोडून फक्त वनस्पतींवर जाऊ नका, दात किडू नये यासाठी ते लागतं आणि त्रिफळा ती जागा भरून काढत नाही. क्लोरहेक्सिडीन घरात आहे, पुढे काही ऑपरेशन-बिपरेशन झालं आणि मॅडम म्हणाल्या तर घेईन, म्हणतील तेवढेच दिवस. सहा वर्षांखालच्या पोरांना कुठलाच माउथवॉश देऊ नका, गिळतात.

परवा तपासणीला गेलो होतो. खालच्या दातांमागे थोडं खरवडावं लागलंच, पण डाग गेले होते. मॅडमनी विचारलं, काढा अजून घेताय का, मी हो म्हंटलं, त्या म्हणाल्या घ्या, फक्त त्याच्यावर विसंबू नका. चव केव्हाच परत आली आहे, गेल्या आठवड्यात मी आमटीत मीठ जास्त झालंय म्हणालो आणि या वेळी खरंच झालं होतं, तरी पंचांनी निकाल आईच्याच बाजूने दिला. भरडीचा डबा ओट्यावर असतो. त्या पहिल्या दिवशीच्या शाईत काडी बुडवून मुलीने त्याच्यावर कागद चिकटवून लिहिलंय, "बाबांचं विष", आणि ती अक्षरं दिवसेंदिवस अजूनच काळी होत चाललीयेत.